आठच्या फोनचा मालक

उज्ज्वला आवटींना रोज सकाळी आठ वाजता मुलगा भेटत असे आणि दर रविवारी मुलगी. मुलगा व्हँकुव्हरहून भेटे, तोही फक्त आवाजाने. मुलगी सांगलीतूनच भेटे, पण सदेह. पालेभाजी, रक्तदाबाच्या गोळ्या आणि एखादी तक्रार घेऊन. सोसायटीत चर्चा मात्र मुलाच्या भेटीची होती. यात सोसायटीचा काही दोष नाही. चर्चा उज्ज्वलाबाईच सुरू करत.

"आमचा अभी एक दिवस चुकवत नाही," हे त्या लिफ्टमध्ये सांगत, दूधवाल्याला सांगत, आणि गेल्या महिन्यात बाथरूममध्ये पडून मनगट मोडलं तेव्हा प्लॅस्टर घालणाऱ्या डॉक्टरांनाही त्यांनी हे सांगितलं. डॉक्टरांना वाटलं, दवाखान्यात घेऊन आलेली ही बाई शेजारीण असावी.

ती केतकी होती. वय सत्तेचाळीस, अभीपेक्षा चार वर्षांनी मोठी. आईने आता एकटं राहू नये, असं डॉक्टरांनी सांगितल्याच्या संध्याकाळीच केतकीने आपल्या फ्लॅटमधली मागची खोली रिकामी केली, भिंतींना रंग दिला, बाथरूममध्ये धरायला दांड्या बसवल्या. खोली तयार होती. आई येत नव्हती.

"तुझ्याकडे सकाळी मिक्सर चालू असतो," रविवारी मेथीची जुडी उलगडत आई म्हणाली. "अभीचा फोन आला की मला ऐकू येणार नाही."

"मिक्सर बंद ठेवू."

"आणि ही मेथी बघून आणत जा की गं. नुसत्या काड्या. अभी म्हणत होता, तिकडे कोवळी मिळते."

"मग त्यालाच सांग पाठवायला."

"बघ, लगेच तुझं तोंड सुरू. तो एका शब्दाने कधी दुखवत नाही मला."

इतक्यात आठ वाजले आणि फोन वाजला. आईने ओल्या बोटानेच स्पीकर लावला.

"आई, झोप लागली का? हात ठणकत नाही ना गं? उशी घेत जा हाताखाली."

"घेते रे राजा. ही बघ, केतकी आलीय. बोलतोस?"

"आता गडबडीत आहे आई. पण अक्काला सांग, ती आहे म्हणून मी इकडे निर्धास्त असतो."

केतकीचा चाकू कांद्यात अर्ध्यावर थांबला. अभीने जन्मापासून आजवर तिला उद्देशून काढलेलं सर्वांत हळवं वाक्य 'माझा चार्जर कुठाय' हे होतं. कॅनडाची हवा चांगली असते हे तिला माहीत होतं, पण इतकी नसावी.

घरी येऊन तिने आकडेमोड केली. अभी संध्याकाळी सातला घरी पोचतो, हे त्याची बायको कौतुकाने सांगत असे. उन्हाळ्यात आपल्या सकाळी आठला तिकडे आदल्या संध्याकाळचे साडेसात असतात; ठीक आहे. पण थंडीत तिकडची घड्याळं तासभर मागे घेतात. मग आपले आठ म्हणजे त्यांचे साडेसहा. त्या वेळी अभी गाडी चालवत असतो, आणि गाडी चालवताना तो कुणाशी बोलला तर फक्त पुढच्या गाडीवाल्याशी बोलतो, आणि ते आईला ऐकवण्यासारखं नसतं. आता डिसेंबर होता. फोन आठलाच येत होता.

"मुखत्यार आहे तो," ती नवऱ्याला म्हणाली. "आईला मुखत्यार लावून दिलाय त्याने."

मुखत्यार येऊन आता चार-पाच वर्षं झाली होती. माणसाचे जुने संदेश, मेल, आवाजी निरोप असं सगळं एका यंत्राला शिकवलं की ते त्या माणसाच्या आवाजात, त्याच्या शब्दांत, त्याच्या खोडींसकट बोलू लागतं. क्लाउडवर त्याचं वेगळं खातं उघडतं. मग ते खातं तुमच्या वतीने सोसायटीच्या मीटिंगला बसतं, गॅसवाल्याशी भांडतं, दूरच्या मावशीला वाढदिवसाच्या शुभेच्छा देतं. दोन मुखत्यारांनीच आपसात बोलून लग्न ठरवल्याची उदाहरणं होती, आणि ती लग्नं इतरांपेक्षा वाईट चालली होती असं म्हणायला आधार नव्हता.

फसवणूक होऊ नये म्हणून कायदाही झाला होता. कुणाशीही बोलताना पहिल्याच वाक्यात 'मी अमक्याचा मुखत्यार बोलतोय' असं सांगणं सक्तीचं होतं. सूट फक्त एका माणसापुरती होती: ज्याने तो मुखत्यार तयार केला त्याच्यापुरती. हे कंपनीनेच यंत्रात पक्कं बसवलेलं असल्यामुळे त्यातून पळवाट नाही, असं म्हणत. केतकीचा अशा म्हणण्यांवर विश्वास नव्हता. तिची नोकरीच त्यावर चालत होती. सहकारी बँका आणि दूध संघ यांच्या क्लाउडवर कुणी काय उद्योग केला ते ऑडिट लॉग वाचून शोधायचं, हे तिचं काम.

"समजा निघाला मुखत्यार," तिचा नवरा सुदर्शन भडंग खात म्हणाला. "तुला नक्की काय पाहिजे? अभी खोटा ठरायला पाहिजे, की आई इकडे यायला पाहिजे?"

"तो खोटा ठरला की आई येईल."

"आणि आईचा मुलगा जाईल."

"मुलगा नाही जाणार. यंत्र जाईल."

"रोज सकाळी तिच्याशी बोलतं ते यंत्रच आहे ना पण?" असं म्हणून सुदर्शनने भडंगात आणखी कांदा घातला. अशा वेळी त्याच्याशी बोलण्यात अर्थ नसे.

लॉग उघडायला केतकीला कुणाची परवानगी लागली नाही. आवटी परिवाराचा कौटुंबिक क्लाउड अभीच्या नावावर होता. गॅसचं कनेक्शन, फ्लॅट आणि वडिलांचं घड्याळ अभीच्या नावावर होतं, त्याच न्यायाने. पण तो चालवण्याची, पासवर्ड विसरल्यावर ओरडा खाण्याची आणि जागा भरली की फोटो उडवण्याची जबाबदारी केतकीची होती. प्रणालीत त्याचं पद 'मालक' आणि तिचं 'तांत्रिक प्रशासक' असं नोंदलेलं होतं. पदांची ही वाटणी पाळण्यापासूनच झालेली होती. क्लाउडने फक्त ती लिहून ठेवली.

ऑडिट लॉग म्हणजे इमारतीच्या फाटकावरच्या कॅमेऱ्यासारखी गोष्ट. कोण आलं, कधी आलं, कुणी कुणाला किल्ली दिली हे त्यात दिसतं. आत जाऊन माणसं काय बोलली ते दिसत नाही. खातं उघडलं, बंद केलं, कुणाला अधिकार दिले, या नोंदी आपोआप होतात. त्या कुणालाही थांबवता येत नाहीत आणि पुसताही येत नाहीत, मालकालाही नाही. बोलण्याच्या नोंदी मात्र मुद्दाम सुरू कराव्या लागतात आणि सहसा कुणी करत नाही. म्हणजे लॉग तुम्हाला प्रेमाची तारीख देऊ शकतो, प्रेम देऊ शकत नाही. केतकीला तारखेचीच गरज होती.

खातं सापडायला एक मिनिट लागलं. 'अभिनंदन – मुखत्यार.' रोज सकाळी आठला जागं होई, वीसेक मिनिटांनी झोपे. एकही दिवस चुकलेला नव्हता. वर परिवाराचं नाव, आणि मालक: अभिनंदन आवटी.

केतकीने स्क्रीनकडे पाहून एक असा शब्द उच्चारला, जो आईने ऐकला असता तर अभी असं कधी बोलत नाही, असं सांगितलं असतं.

एकच अडचण होती. खातं उघडल्याची नोंद दिसेना. कंपनी अशा नोंदी तेरा महिने हाताशी ठेवते आणि हे खातं त्याहून जुनं होतं. त्याआधीच्या नोंदी स्वस्तातल्या शीतकोठारात जातात. तिथून त्या मागवाव्या लागतात, आणि कोठारवाले त्या बर्फ वितळल्याच्या वेगाने देतात. केतकीने मागणी नोंदवली. वाट पाहण्याचा तिचा स्वभाव नव्हता, म्हणून तोवर तिने भावाला रंगेहाथ पकडायचं ठरवलं.

"अक्का? काय झालं? आई बरी आहे ना?" अभीने आधी हेच विचारलं. परदेशातली माणसं गावाकडचा नंबर पाहूनच घाबरतात.

"बरी आहे. तुला माहीतच असेल. रोज बोलतोस."

अभी ओशाळून म्हणाला, "कळला टोमणा. दिवाळीनंतर माझा फोन नाही झाला, मान्य आहे."

केतकीने ठरवलेलं पुढचं वाक्य जागीच राहिलं.

"पण आईच म्हणते, कशाला खर्च करतोस, तू कामात असतोस," अभी सांगू लागला. "म्हणते, केतकी आहे की. सकाळ-संध्याकाळ येते. माझे पाय चेपते. मला वरच्या आवाजात एक शब्द बोलत नाही."

"मी?"

"आता साळसूद होऊ नकोस. मी वर्षातनं चारदा फोन करतो आणि चारही वेळा पहिली दहा मिनिटं तुझी आरती असते. केतकीने मोगरा आणला, केतकीने स्वेटर विणला. अक्का, तुला विणता कधीपासून यायला लागलं?"

"मला विणता येत नाही."

"खरं सांगू? राग येतो मला तुझा. मी इथे बर्फ उपसतोय आणि तू तिथे बसून आईला खिशात घातलंस. हिला सांगितलं तर ही हसते. म्हणते, बहिणीवर कुणी जळतं का या वयात?"

केतकीने आपल्या खिशाचा विचार केला. त्यात आईच्या गोळ्यांची चिठ्ठी होती.

"अभी, प्लॅस्टर कधी काढणार, ते सांगितलं का तुला तिने?"

"कसलं प्लॅस्टर?"

उत्तर इतकं पटकन आणि इतकं बावळट आलं, की ते अस्सल असणारच. सकाळी हाताखाली उशी घ्यायला सांगणाऱ्याला प्लॅस्टर माहीत होतं. याला नव्हतं.

"काही नाही. भिंतीचं," केतकी म्हणाली. "उद्या सुट्टी आहे ना तुला? मग आमच्या सकाळी आईला फोन कर. स्वतः कर."

"स्वतः म्हणजे? मी काय ड्रायव्हरकरवी करतो?"

केतकीने फोन ठेवला. आपल्याकडच्या आया समोरच्या लेकराला बोल लावतात आणि दूरच्याचं कौतुक करतात, ही जुनी रीत आहे. त्यामुळे घराघरातली मुलं एकमेकांवर आयुष्यभर खार खातात आणि प्रत्येकाला वाटतं, आपल्याच आईच्या बाबतीत हे खरं आहे. केतकीच्या घरी या रीतीला फक्त वीजपुरवठा मिळाला होता. पण कुणी दिला?

संध्याकाळी कोठारातून जुन्या नोंदी आल्या. हवी ती चार ओळींची होती, तीन वर्षांपूर्वीची. केतकीने नवशिक्यासारखी चूक केली होती. मालक कोण ते पाहिलं, कर्ता कोण ते पाहिलंच नव्हतं. बँकेच्या प्रकरणात असं कुणी केलं असतं तर तिने त्याला कचेरीत सगळ्यांसमोर झापलं असतं. मालक म्हणजे फक्त ज्याच्या नावावर क्लाउड आहे तो, आणि आवटींच्या घरात अभीच्या नावावर काय नव्हतं?

क्रिया: मुखत्यार खातं उघडलं. कर्ता: उज्ज्वला आवटी. ठिकाण: विश्रामबाग, सांगली. ज्याचा मुखत्यार, त्याची संमती: आहे. ही संमती अभीने कौटुंबिक क्लाउड घेताना न वाचता 'सर्व अटी मान्य' म्हणून एकगठ्ठा दिली होती. अशीच संमती केतकीनेही दिली होती.

म्हणून तो मुखत्यार आपली ओळख सांगत नव्हता. ज्या एका माणसाला सांगायची गरज नाही, त्याच्याशीच तो बोलत होता. आणि म्हणूनच केतकीशी बोलायची वेळ आली की त्याला गडबड असे. तोंड उघडलं असतं तर कायद्याने नाव सांगावं लागलं असतं.

तीन वर्षं ती एका यंत्राचा मत्सर करत होती. हे पचवणं कठीण होतं, पण ते पचायच्या आत तिला त्या नोंदीच्या वरची ओळ दिसली. त्याच कर्त्याने, त्याच्या महिनाभर आधी, आणखी एक खातं उघडलं होतं.

'केतकी – मुखत्यार.' आणि अकराव्या दिवशी: खातं कायमचं काढून टाकलं.

केतकीने ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. अभीचा मुखत्यार तीन वर्षं, बिनचूक. तिचा अकरा दिवस. यंत्रांच्या स्पर्धेतही ती हरली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातलाच ती आईच्या दारात उभी राहिली. आई एका हाताने चहा ठेवायची खटपट करत होती. केतकीने तिच्या हातातून पातेलं घेऊन गॅसवर ठेवलं.

"आज सोमवार आहे," आई म्हणाली.

"माहीत आहे. आई, अभीचा मुखत्यार तू केलास."

आईने बशी सरळ केली. निवृत्त भूगोल शिक्षिका होती. तिच्या वर्गात मुलींनी खोटी कारणं सांगितली तर ती अशीच टेबलावरचा पृथ्वीगोल सरळ करत असे.

"केला. मग? कोपऱ्यावरच्या कुलकर्णीबाईंनी तर गेलेल्या नवऱ्याचा केलाय. माझा तर जिवंत आहे."

"पण लोकांना सांगतेस की अभी रोज फोन करतो."

"अभीच करतो. त्याचाच आवाज आहे, त्याचंच बोलणं. तो करायचा तेव्हा असाच बोलायचा."

"थंडीत त्याचा फोन नऊला यायला पाहिजे. तिकडची घड्याळं मागे जातात."

आई क्षणभर वरमली. "ते आमच्या पाठ्यपुस्तकात नव्हतं," ती म्हणाली.

केतकीला हसू आलं असतं, पण तिला विचारायचं वेगळंच होतं. सत्तेचाळिसाव्या वर्षी असा प्रश्न विचारायची लाज वाटत होती. तिने तो चहाच्या पातेल्याला विचारावा तसा विचारला.

"माझंही खातं उघडलं होतंस. काढून का टाकलंस?"

"तेही दिसतं का त्यात?"

"दिसतं. कारण दिसत नाही."

आई खुर्चीत बसली. प्लॅस्टरचा हात टेबलावर ठेवला.

"बाबा गेल्यावर तू कामात होतीस. महिनामहिना येत नव्हतीस. तेव्हा आधी तुझंच केलं मी. आठ-दहा दिवस बोलले. एकदा म्हटलं, आज गोळी घ्यायची विसरले. तर म्हणते कशी, काही हरकत नाही आई, होतं असं. एकदा मुद्दाम म्हटलं, स्टुलावर चढून माळा साफ केला. तर म्हणाली, किती उत्साही आहेस तू." आईने नापसंतीने मान हलवली. "मला वाटलं, ही केतकी नव्हे. ही कुणीतरी चांगली बाई आहे. करमेना मला. काढून टाकलं."

"आणि अभीचं चाललं?"

"अभीला जाऊन चौदा वर्षं झाली गं. तो आता रोजचा कसा बोलत असेल, मला काय माहीत? हा म्हणेल ते खरं वाटतं."

चहा उकळून वर आला तो केतकीला दिसलाच नाही.

"लक्ष कुठाय तुझं?" आई ओरडली. "सगळा चहा गेला गॅसवर. एक काम धड होत नाही."

"आई, तू चल माझ्याकडे. आज."

"येते. पण आठ ते साडेआठ मिक्सर बंद. आणि यातलं अभीला सांगायचं नाही. मुलगा परदेशात एकटा आहे, त्याला वाईट वाटेल."

"एकटा कुठाय? बायको, दोन मुलं आहेत."

"तेच म्हणते मी," आई म्हणाली, आणि आठ वाजले.

आईने फोन उचलला आणि बाल्कनीत जाऊन वेताच्या खुर्चीत बसली. "हां, बोल राजा," असं म्हणतानाचा तिचा आवाज केतकीने कधी ऐकला नव्हता. म्हणजे ऐकला होता, पण स्वतःसाठी नाही. हे बंद करायचा अधिकार प्रशासक म्हणून तिला होता. एक बटण दाबायचं होतं. लॉगमध्ये तिच्या नावाने एक ओळ पडली असती, आणि आईने ती कधी वाचली नसती. अकरा दिवसांत काढून टाकलेल्या माणसाला हा मोह होणं स्वाभाविक होतं, आणि तो झालाही. तिने फोन हातात घेतला.

तो हातातच वाजला. अभी होता. खरा.

"अक्का, तूच म्हणालीस म्हणून केला, तर आई माझा फोन कापतेय. दोनदा कापला. कुठाय ती?"

"इथेच आहे. थांब."

केतकी बाल्कनीच्या दारात गेली. फोनवर तळहात ठेवून हळूच म्हणाली, "आई, अभीचा फोन आहे. अभीचा."

आईने तिच्याकडे पाहिलं, मग हातातल्या फोनकडे. क्षणभर तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं, की केतकीला वाटलं, आता ती उठेल. मग आईने नाक मुरडलं.

"दहा मिनिटांनी कर म्हणावं," ती कुजबुजली. "हा आत्ता कुठे बोलायला लागलाय."

केतकी दोन पावलं मागे आली.

"बिझी आहे ती," ती भावाला म्हणाली. "बोलतेय."

"एवढ्या सकाळी? कुणाशी?"

बाल्कनीतून आईचं हसणं आलं. ते फोनमधून व्हँकुव्हरपर्यंत गेलं असावं. इतक्या वर्षांचा हिशेब चुकता करायला केतकीला आता एक शब्द पुरे होता, आणि तो खराही होता. तुझ्याशी, एवढंच म्हणायचं होतं.

"माझ्याशी," ती म्हणाली.

"वाटलंच," अभी म्हणाला.